प्रार्थनेची हजेरी

बऱ्याच दिवसांनी इथली धूळ झटकतेय. विषय जरा नाजूक आहे, आणि हा ब्लॉग वाचणारे निम्मे लोक माझे नातेवाईकच आहेत, तेव्हा जपून लिहायला हवं. (जमेलच असं नाही.)

माझं मत आधीच सांगून टाकते. ख्रिस्ती संस्थेच्या शाळेने सकाळी ख्रिस्ती प्रार्थना म्हणावी. खुशाल म्हणावी, स्वतःच्या शब्दांत म्हणावी, लाजत-लपवत नको. फक्त आमच्या पोरीला त्यात उभं करण्याआधी आम्हाला एकदा विचारावं.

झालं असं, की माझी भाची वाशीम जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या इंग्रजी शाळेत दुसरीत आहे. दिवाळीत सगळे जमलो होतो. ताटावर बसल्यावर तिने डोळे मिटले, कपाळापासून छातीपर्यंत आणि मग दोन्ही खांद्यांना बोटं लावली, काहीतरी पुटपुटली आणि चिवड्याला हात घातला. झालं! काकांचा घास हातातच राहिला. "काहून बाप्पा, हे काय शिकवतात थ्या शाळेत?" आजी म्हणाली, "देवाचंच नाव घेते ना पोरगी, घेऊ दे." वहिनीला इंग्रजी महत्त्वाचं. दादा नेहमीप्रमाणे गप्प. तेव्हापासून ग्रुपवर धुमश्चक्री चालू आहे. काकांचा प्रस्ताव असा की चार पालक घेऊन जायचं आणि ती प्रार्थना बंद करायला लावायची.

काकांच्या भीतीला मी हसणार नाही. तिला जुना इतिहास आहे. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाच्या मुलावरून केवढा गदारोळ झाला होता! थोरला भाऊ आधीच ख्रिस्ती झालेला, हाही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला, आणि मग त्याला परत जातीत घ्यायचं की नाही यावर आपल्याच लोकांत भांडण. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले म्हणून त्यांनाही लोकांचा रोष पत्करावा लागला. म्हणजे पोराला पळवून नेण्याची भीती जुनी, आणि परत आलेल्या पोराला दार न उघडण्याची आपली सवयही तेवढीच जुनी. काकांना पहिली गोष्ट आठवते, दुसरी आठवत नाही.

शिवाय वाशीमला ख्रिस्ती लोक काही काल आलेले नाहीत. गावाला इंग्रज 'बासिम' म्हणत, त्या काळापासून मिशन तिथे आहे. नाझरीन चर्चचा दवाखाना १९३८ पासूनचा, डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी सुरू केलेला. आमच्या घरातली दोन बाळंतपणं तिथली. तेव्हा कोणी धर्म विचारला नाही, आपणही विचारला नाही. आणि आपला जिल्हा तरी कसा? शिरपूरला जैनांचं अंतरिक्ष पार्श्वनाथ, पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी, मंगरूळच्या तर नावातच पीर! अशा जिल्ह्यात एखाद्या शाळेत येशूचं नाव निघालं म्हणून आभाळ कोसळत नाही.

पण म्हणून आजीचं बरोबर, असंही मी म्हणणार नाही. "देवाचंच नाव आहे ना" हे ऐकायला गोड आहे. ख्रिस्ती माणसासाठी मात्र ती प्रार्थना काही सकाळचा व्यायाम नव्हे. ती उपासना आहे. तिला 'नुसती चांगली गोष्ट' म्हणून आपण त्यांच्या श्रद्धेलाच हलकं करतो. ज्याला ती मनापासून म्हणायची आहे त्याने म्हणावी, ज्याला नाही त्याने आदराने गप्प उभं राहावं. दोघांचाही मान राहतो.

आता कायद्याचं थोडं बोलू. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, पण दादा, तू मारू नकोस.) आपल्या राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावायचं नाही, त्याची स्वतःची संमती असल्याशिवाय. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती. आता याच्या शेजारी इंग्लंड ठेवून बघा. तिथे १९४४ च्या कायद्याने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत रोजची सामूहिक उपासना सक्तीची केली. १९८८ साली त्यात भर घातली, की सर्वसाधारण शाळांत ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी. पालकाला नको असेल तर तो मुलाला बाहेर काढू शकतो. म्हणजे तिथे बोलायचं ओझं पालकावर: मला नको. आपल्याकडे घटनेने ते उलटं केलंय. शाळेने आधी विचारायचं: तुम्हाला चालेल का?

मला हा फरक फार मोलाचा वाटतो. कारण "मला नको" म्हणायला धाडस लागतं, आणि ते गरिबाकडे, एकट्याकडे कमी असतं. जिल्ह्याच्या गावात इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवताना बाप आधीच चप्पल दाराबाहेर काढून उभा असतो. तो कुठला म्हणणार, प्रार्थना सोडून बाकीचं शिकवा!

आणि प्रत्यक्षात विचारतं कोण? दादाने भरलेला प्रवेश अर्ज मी पाहिला. त्यात आधार क्रमांक आहे, जात आहे, धर्म आहे, बसचा थांबा आहे, रक्तगटसुद्धा आहे. प्रार्थनेची ओळ नाही. अर्जात धर्माचा रकाना छापता येतो, तर त्याखाली आणखी एक ओळ छापायला किती शाई लागते?

नाशिकच्या एका शिक्षकाचं प्रकरण काहींना आठवत असेल. प्रार्थनेच्या वेळी ते उभे राहायचे, पण हात जोडायचे नाहीत. त्यावरून त्यांची वेतनश्रेणी अडली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने याच अठ्ठाविसाव्या कलमाच्या आधारे सांगितलं, की हात जोडायची सक्ती करता येणार नाही. आणि ती शाळा काही मिशनची नव्हती, आपल्याच महाराष्ट्रातली नेहमीची शाळा. त्याआधी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं. यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुलं ती. राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, एवढ्यावरून काढली होती. उभं राहणं वेगळं, म्हणणं वेगळं. मोठी माणसं हा फरक कोर्टापर्यंत लढवू शकतात. सात वर्षांची पोर काय करणार? टीचर हात जोडतात, ती जोडते.

वऱ्हाडातल्या माणसाला 'सामुदायिक प्रार्थना' म्हटलं की तुकडोजी महाराज आठवतात. संध्याकाळी गावातली माणसं एकत्र बसतात, खंजिरी वाजते, ज्याला यायचं तो येतो. माझे आजोबा रोज जायचे, त्यांचा भाऊ एकदाही गेला नाही, आणि दोघं एका ताटात जेवले. तिथे कुणी हजेरी घेत नाही हो! शाळेत प्रत्येक गोष्टीला हजेरी आहे. जिथे हजेरी आहे तिथे विचारणं आलंच.

एक गोष्ट मात्र मला येशूपेक्षा जास्त खटकली. भाचीला विचारलं, तू म्हणतेस त्याचा अर्थ काय? तिला ठाऊक नाही. सगळं इंग्रजीत, पाठ करून, धडाधड. अरे, ज्या मराठीत रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भजनं आणि अभंग लिहिले, ती मराठी दारात असताना पोरांना न कळणाऱ्या भाषेत देवाशी बोलायला लावायचं? करजगावात जन्मलेल्या त्या कवीने धर्म बदलला, पण भाषा आणि चाल सोडली नाही. त्यांचं एखादं भजन शाळेने शिकवलं असतं तर मी स्वतः वहीत उतरवून घेतलं असतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने त्यांच्या शाळांसाठी सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सकाळी घटनेची प्रास्ताविका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी एक खोली ठेवा. पहिली सूचना उत्तम. प्रास्ताविकेबद्दल मला थोडी धाकधूक आहे, तीही पाठ करून धडाधड म्हटली जाईल. आणि 'कुणालाच नको असलेली' गुळमुळीत प्रार्थना करून मोकळं होणं हा मार्ग मला पटत नाही. त्या शाळेत मूठभर ख्रिस्ती मुलंही आहेत. शाळा त्यांच्या समाजाने काढलेली. निदान तिथे तरी त्यांना आपल्या देवाला आपल्या नावाने हाक मारता यायला हवी.

दादाला मी म्हटलंय, मोर्चा नको, साधा अर्ज दे. मुलगी रांगेत उभी राहील, म्हणायचं की नाही हे आम्ही घरी ठरवू, आणि न म्हणणाऱ्या मुलांना बाहेर व्हरांड्यात काढू नका, ती शिक्षा वाटते. एवढंच.

आणि काका, एक प्रश्न तुम्हाला. तुम्ही तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतात. परिपाठ झाला की पाटीवर सरस्वती काढायची, हार घालायचा, नारळ फोडायचा. वर्गात मुसलमान पोरं होती, बौद्ध होती, मिशन कंपाउंडातली दोन-तीन ख्रिस्ती होती. त्यांच्या घरी कधी विचारलं होतं? उत्तर इथेच खाली लिहा, ग्रुपवर नको. तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सापडत नाही.