भयाचे वारसदार

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, शेंडी आणि मुरशेत या गावांच्या आसपास शनिवार-रविवारी जे तंबू उभे राहतात, त्यांत रात्रीची जेवणे आटोपून शेकोटीभोवती मंडळी बसली, की आजवर पाहिलेला सर्वांत भीतिदायक चित्रपट कोणता, हा प्रश्न हटकून निघतो. आणि ज्याने-त्याने घेतलेल्या नावावरून त्याचे वय ओळखता यावे, इतकी त्याची उत्तरे पिढीगणिक ठरून गेलेली असतात. ज्यांचे केस पिकले ते १९४९ च्या ‘महल’चे किंवा १९६२ च्या ‘बीस साल बाद’चे नाव घेतात, कॅसेट भाड्याने आणून चाळीतल्या एकाच दूरदर्शन संचासमोर दाटीने बसलेली पिढी रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’पाशी थांबते, त्यांच्या धाकट्यांना २००३ चा ‘भूत’ आठवतो, आणि १९७३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट’चा उल्लेख तर प्रत्येक कोंडाळ्यात कोणी ना कोणी करतोच. या नामावळीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ज्या मापाने ही थोरवी मोजली जाते त्या मापाला; कारण किती वेळा किंचाळलो, किती वेळा डोळे मिटून घेतले आणि त्या रात्री दिवा चालू ठेवून निजावे लागले की नाही, एवढ्यावरच बहुतेकांचा निवाडा होतो.

अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने दचकणे हा शरीराचा स्वभावधर्म आहे, आणि त्यासाठी कलावंताची गरज नाही. स्वयंपाकघरात हातातून पातेले निसटले तरी तेवढे कार्य साधते. अशी भीती चित्रगृहाच्या पायऱ्या उतरेपर्यंतही टिकत नाही. जी टिकते, वर्षांमागून वर्षे मनाच्या तळाशी राहते आणि एखाद्या रात्री अकारण वर येते, ती निराळ्या जातीची असते; पडद्यावर जे काही आले ते येण्याचा त्याला हक्क होता, त्याचे काही घेणे या घराकडे खरोखरच बाकी होते, अशी कबुली प्रेक्षक स्वतःच्याही नकळत जिच्यात देऊन बसतो, ती भीती. माझ्या मते भयपटाची श्रेष्ठता या एकाच गोष्टीवर ठरावी.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ या कसोटीला पूर्णपणे उतरतो. या चित्रपटाचे बीज शेकोटीच्याच जातीचे आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि तिने आपल्याला हादरवून सोडले, असे दिग्दर्शकाने स्वतः सांगितले आहे. त्या रात्रीपासून २०१८ च्या ऑक्टोबरात चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत पाव शतक गेले, आणि त्यातले कितीएक पावसाळे खरा पाऊस, खरे काळे आभाळ आणि खरा चिखल यांची वाट पाहण्यात गेले. ज्याने घाटमाथ्यावरचा आषाढ अनुभवला आहे, घाटघरच्या किंवा रतनवाडीच्या बाजूला दिवसचे दिवस सूर्यदर्शन न होता धुक्यात आणि धारांत काढले आहेत, त्याला त्या पडद्यावरचा पाऊस पाहताच अंगावरच्या कपड्यांचा ओला वास येऊ लागतो. पण पावसाने ‘तुंबाड’ भयंकर होत नाही. तो भयंकर होतो वारशाने. वाड्याच्या पोटात हस्तर हा हावरा देव आहे, त्याच्यापाशी सुवर्णमुद्रा आहेत, त्याला भूक आहे ती पिठाची, आणि ही भूक ठाऊक असलेला विनायकराव आपल्या पोराला घरदार, शेतीवाडी यांऐवजी त्या मुद्रा ओरबाडण्याची कला वारशाने देतो. बाप पोराला शिकवतो आणि पोरगा बापाहून अधिक हावरा निघतो, या प्रसंगापुढे हस्तराचे रक्तवर्णी शरीर मला सौम्य वाटते. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा जो काळ कथेने निवडला आहे, तोही निव्वळ सजावटीचा नाही: सत्ता बदलते, वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते, आणि हाव मात्र नव्या दस्तऐवजावर जुन्याच सहीने पुढे चालू राहते. २०२४ च्या सप्टेंबरात हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक प्रेक्षक त्याला लाभले. यात जाहिरातीचा वाटा असेलही. परंतु पाहून गेलेला माणूस सहा वर्षे ज्याच्याविषयी बोलत राहतो, त्याला अखेरीस प्रेक्षक मिळतातच.

‘तुंबाड’चे नाव आज सर्वतोमुखी आहे, ‘गहराई’चे मात्र कोणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. अरुणा राजे आणि विकास देसाई यांनी दिग्दर्शित केलेल्या १९८० च्या या हिंदी चित्रपटाच्या लेखनात विजय तेंडुलकर सहभागी होते, आणि डॉ. श्रीराम लागू, अनंत नाग व कोवळ्या वयातील पद्मिनी कोल्हापुरे असा त्याचा नटसंच होता. शहरात स्थिरावलेला एक सुशिक्षित, करारी गृहस्थ गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या राखणारा जुना नोकर कळवळून विरोध करतो. आणि काही दिवसांतच त्या गृहस्थाच्या शाळकरी मुलीच्या तोंडून परका, पुरुषी, सर्व काही जाणणारा आवाज निघू लागतो. तो आवाज घरच्यांना धमकावत बसत नाही, बापाने दडवून ठेवलेले पाप उच्चारतो. नोकराच्या बायकोवर केलेला अत्याचार, तिने विहिरीत टाकलेली उडी, हे सारे त्या सभ्य दिवाणखान्यात एका निरागस मुलीच्या मुखातून बाहेर येते, तेव्हा तिच्या अंगात कोण आले आहे हा प्रश्न मागे पडतो आणि या माणसाने काय केले, हा एकच प्रश्न समोर उरतो. डॉ. लागू हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीमागे उघडपणे उभे राहिलेले, ईश्वर ही कल्पनाच नाकारणारे विवेकवादी. त्यांनी ही भूमिका करावी यात मला कोणतीही विसंगती दिसत नाही. भुतावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसालाही आपल्या कृत्याचा जबाब चुकत नाही, हे त्यांच्याइतक्या संयमाने दुसऱ्या कोणी दाखवले असते असे वाटत नाही.

आता भंडारदऱ्याच्या पाण्याकडे वळतो. १९१० च्या सुमारास काम सुरू होऊन १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, ते हे सुमारे २७० फूट उंचीचे दगडी धरण त्या काळी देशातील सर्वांत उंच होते; आणि त्याने अडवलेले प्रवरेचे पाणी अकोले तालुक्याच्या डोंगराळ मुलखापेक्षा खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या काळ्या जमिनीत अधिक खेळले. त्यावर ऊस उभा राहिला, १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, आणि जिल्ह्याच्या समृद्धीचा इतिहास घडला. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ घडतो तो अशाच उसाच्या पोटात. घेणेकऱ्यांना चुकवून आलेले एक जोडपे, बायको गर्भवती, चारी बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस, मधोमध एक घर, आणि त्यात उषा नाईक यांनी उभी केलेली, प्रेमाने घास भरवणारी तुळसाबाई. सुबत्तेची निशाणी म्हणून आपण ज्या पिकाचे छायाचित्र दिनदर्शिकेवर छापतो, त्याच्या सऱ्यांतून हसत पळणारी मुले ही न जगू दिलेल्या लेकींच्या कहाणीतून आलेली आहेत, हे उलगडते तेव्हा भूत या कल्पनेचा लवलेशही मनात राहत नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७. ‘लपाछपी’ पाहून बाहेर पडणाऱ्या एकाही मराठी माणसाला हा विषय परक्या मुलखातला म्हणून झटकता येणार नाही. त्याचेच पुढे हिंदीत ‘छोरी’ झाले. तोही चांगला असेल, पण मूळ मराठीतली तुळसाबाई ज्या घरगुती, ओळखीच्या सुरात बोलते तो सूर आपल्याच ओसरीवरचा आहे, आणि म्हणून ती अधिक जाळते.

त्याच उसात बिबट्याही राहतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातील लोकवस्तीच्या, शेतीच्या मुलखात केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. म्हणजे रात्री उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी आणि हे जनावर रोज एकमेकांच्या वाटेवरून चालत असतात. ज्याचे भय खरे आहे त्याच्याशी माणसाने कसे वागावे, हे शिकायचे असेल तर या भागातल्या वाघोबाच्या शेंदूर लावलेल्या दगडांकडे पाहावे. भय नाकारलेले नाही, त्याची टिंगल केलेली नाही आणि त्याच्या नावाने कोणाला झोडपलेलेही नाही. त्याला सीमेवर जागा दिली आहे, वर्षाचा मान दिला आहे, आणि मुलांना सांजवेळी कोठे जाऊ नये हे सांगितले आहे. पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला आणि माळशेज घाटातून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेलेला ‘आजोबा’ हा बिबट्या सुजय डहाके यांनी २०१४ साली पडद्यावर आणला. त्यात उर्मिला मातोंडकर यांनी त्याचा माग काढणाऱ्या संशोधिकेची भूमिका केली. त्याआधी अकरा वर्षे ‘भूत’मध्ये ज्यांच्या डोळ्यांतले भय पाहून प्रेक्षक गोठले होते, त्याच अभिनेत्रीने भयाकडे जिज्ञासेने पाहणारी स्त्री रंगवावी, याचे मला विशेष अप्रूप वाटते.

याच्या उलट टोकाला जे चित्रपट आहेत, त्यांविषयी मात्र मी सौम्य राहू शकत नाही. एकटी राहणारी म्हातारी, जटा वाढलेली बाई, डोंगरातला भगत, कमरेला पाला गुंडाळून ढोल वाजवणारे कोणीतरी ‘रानटी’ लोक, यांच्या तोंडावर हिरवा प्रकाश टाकून भीती उभी करण्याचा जो धोपट मार्ग आपल्या पडद्याने वर्षानुवर्षे चोखाळला, तो निव्वळ रसहीन नाही; तो अन्यायाचा आहे. सातपुड्यात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढले जाते, मारले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला तेव्हा कुठे त्या वर्षाच्या अखेरीस जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात संमत होऊ शकला. ज्या समाजात एवढी किंमत मोजावी लागली, त्या समाजातील दिग्दर्शकाने दुबळ्या माणसाचा चेहरा भीतीसाठी वापरताना दहादा विचार करावा, ही अपेक्षा काही अवाजवी नव्हे. ‘गहराई’ आणि ‘लपाछपी’ यांत भुते आहेत, मांत्रिकही आहेत. तरी दोषारोप नोकराच्या बायकोवर किंवा न जन्मलेल्या लेकीवर होत नाही, तो घरच्या कर्त्या माणसांवर होतो. भूत दाखवावे की दाखवू नये हा वाद त्यामुळे मला गौण वाटतो. आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभा आहे, ते पाहावे.

आणि हे सारे भंडारदऱ्याच्या संदर्भात बोलण्याला आणखी एक कारण आहे. रात्रीचे धुके, रतनगडाचा काळा आकार, सांदण दरीतली अरुंद सावली यांची चित्रे काढून, वर कर्कश संगीत चढवून ‘झपाटलेली जागा’ म्हणून ती पसरवण्याची चाल अलीकडे बोकाळली आहे. जेथे महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबे नांदतात, जेथल्या पाऊलवाटेने पोरे शाळेत जातात, त्या जागेला शहरातून आलेल्याने एका रात्रीच्या मुक्कामात शापित ठरवावे, हे त्या लोकांच्या घरादाराची बदनामी करणे आहे. शिवाय कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या सीमेवर, मोसमी पावसाआधी काजवे ज्या काळोखात एकमेकांना शोधतात, त्या काळोखात पडदा लावून मोठ्या कर्ण्यावर भयपट दाखवणाऱ्या तंबूवाल्यांना वनखात्याने सरळ मनाई करावी. ज्यांना भयपट पाहायचा आहे त्यांनी तो घरी, दिवा मालवून पाहावा.

या खोऱ्याला भयकथा हवीच असेल, तर तिच्यासाठी भुते आयात करण्याची गरज नाही. देवगावचा राघोजी भांगरे ज्यांच्याविरुद्ध उठला, ते सावकार आणि त्यांना पाठीशी घालणारे कंपनी सरकारचे कायदे हीच येथील खरी दहशत होती: अंगठा उठवलेले खत, न कळणाऱ्या भाषेतला हुकूमनामा, भात मळणीच्या दिवशी खळ्यावर येणारा जप्तीचा कारकून, आणि पिढीजात कसलेली जमीन एका सकाळी दुसऱ्याच्या नावे निघणे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजीला फाशी दिले गेले. ती खते पुढेही अनेक वर्षे वसूल होत राहिली असतील. दिवाणखान्यात ठेवलेली एक कागदांची पेटी, सावकाराचा चौथ्या-पाचव्या पिढीचा सज्जन वारस, आणि त्या कागदांवरचे अंगठे रात्री ओले होऊ लागले आहेत, असा चित्रपट कोणी काढणार असेल, तर त्याने तो येथल्याच पावसात, येथल्याच बोलीत आणि डोंगरातल्याच नटांना घेऊन काढावा.