मोबाइल हिसकावू नका, अभ्यासाला लावा

किराडपुऱ्यापासून रोशन गेटपर्यंत एकच तक्रार: मोबाइलने पोरं बिघडवली. पण तो आधी काढून घेतला जातो मुलीच्या हातून. भाऊ रात्रभर रील्स पाहायला मोकळा!

दोष यंत्राचा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीनेही तो मार्ग धरला. २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बालभारतीची पुस्तके, मराठी आणि उर्दूही, मोबाइलवर मोफत मिळतात.

मग अडले कुठे? आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ येते, पुढे जाते, उघडत कुणीच नाही. फॉरवर्ड करणे म्हणजे तालीम नव्हे. मोहल्ल्यातले दहावीचे आठ-दहा जण जमवा. रोज एकाने अडलेले गणित टाकावे. दुसऱ्याने नुसते उत्तर न देता रीत आवाजात समजावावी. रात्री नऊनंतर ग्रुप बंद.

आणि घरात मोबाइल एकच असेल, तर संध्याकाळचा एक तास बहिणीचा. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालावर तावातावाने बोलणाऱ्या दोस्तांनो, हा तास द्यायला कोणत्याही सरकारची मंजुरी लागत नाही.