जीपीएस आहे, वाटाड्या कशाला?
"ट्रॅक डाउनलोड केलाय, वाटाड्या कशाला?" हे वाक्य हल्ली सह्याद्रीत तयार झालेल्या आपल्याच मंडळींकडून फार ऐकू येतं. आणि तेही पिन पार्वतीसाठी! कुल्लूतल्या पार्वती खोऱ्यातून स्पितीकडे नेणारी ही खिंड तब्बल ५,३१९ मीटरवर आहे. अहो, सह्याद्रीत वाट चुकली तर संध्याकाळपर्यंत एखादी वाडी तरी सापडते. इथे मानतलाई तळ्यानंतर पहिलं गाव म्हणजे पलीकडचं मूद. मध्ये मुक्काम, मोरेन आणि हिमनदी.

जीपीएस खोटं बोलत नाही, मान्य. पण ती रेघ म्हणजे कुणाची तरी जुनी पावलं. हिमनदी सरकत असते. गेल्या वर्षी जिथून कुणी चालत गेलं तिथे आज भेग असेल, वरून ताज्या बर्फाने झाकलेली. सकाळी गुडघाभर असलेला ओढा दुपारी बर्फ वितळून कमरेला लागतो. हे रेघेत कुठे दिसतं? काठीने बर्फ टोचत पुढे चालणाऱ्या माणसाला कळतं.

वाटाड्याचे पैसे वाचवून महागडं जॅकेट घेणाऱ्यांना एकच सवाल: थंडीत मोबाईलची बॅटरी मान टाकेल, तेव्हा वाट काय जॅकेटला विचारणार?