काचेच्या घरातले बिऱ्हाड

मराठीचा प्राध्यापक मासे पाळतो, असे म्हटले की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "खायला की बघायला?" आमच्या खांदा कॉलनीत हा प्रश्न अगदीच गैरवाजवी नाही. रविवारी सकाळी आमच्या इमारतीतली निम्मी मंडळी पिशव्या घेऊन पनवेलच्या मासळीबाजाराकडे निघतात, तेव्हा मी बादली आणि रबरी नळी घेऊन दिवाणखान्यात उकिडवा बसलेला असतो. खालच्या मजल्यावरचे काका जाताजाता दारातून डोकावतात. "काय सर, वाढले का पापलेटाएवढे?" हा त्यांचा ठरलेला विनोद. मीही ठरलेले हसतो.

या छंदाची सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत झाली. नव्या सोफ्यासाठी म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतून मी काचेची टाकी आणली: तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. सौ.ने आधी सोफ्याचा विषय काढला, मग मजल्याचा. "अहो, एवढे पाणी वर पेलेल का?" प्रश्न शहाणपणाचा होता. ही टाकी काठोकाठ भरली तर सुमारे 160 लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन 160 किलो. काच आणि वाळू वेगळी. म्हणून टाकी खोलीच्या मध्ये न ठेवता तुळईलगतच्या भिंतीशी, लोखंडी घडवंचीवर ठेवली आणि खाली थर्मोकोलचा तक्ता घातला. तळाला एक खडा राहिला तरी काच तडकायला तेवढा पुरतो. खिडकीजवळची जागा मात्र टाळली. उन्हाने पाणी आठ दिवसांत शेवाळून हिरवेगार होते.

टाकी भरली, वाळू धुऊन घातली, हवेचा पंप बुडबुडे सोडू लागला, आणि आमची कन्या पिशवी घेऊन मासे आणायला निघाली. तिला मी थांबवले. महिनाभर टाकीत मासा सोडायचा नाही, असे मी पुस्तकात वाचले होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया होतो, आणि तो त्यांना विषासारखा असतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि हे मासे बऱ्यापैकी सोसू शकतात. या जिवाणूंची वस्ती स्पंजावर आणि वाळूवर जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर माशांचे खाणे रिकाम्या टाकीत टाकायचे. रोज संध्याकाळी मी बिनमाशांच्या टाकीला जेवू घालतो हे पाहून सौ. म्हणाली, "पाणी मुरवताय की लोणचे?" पण दुकानातून आणलेले मासे आठवड्यात मरतात, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक घरांत हे लोणचे मुरलेलेच नसते.

मग चार लहान एंजल आले. एंजल, डिस्कस, ऑस्कर हे सगळे सिक्लिड नावाच्या एका मोठ्या कुळातले. या कुळाच्या सोळाशेहून अधिक जाती आहेत. आफ्रिकेतील मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या सरोवरांत तर त्यांनी कहर केला आहे. मलावीतली मादी अंडी तोंडात घेऊन सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. बहुतेक मासे अंडी टाकून मोकळे होतात. सिक्लिड मात्र प्रपंच मांडतात. मला मोह पडला तो याचाच.

दहाव्या महिन्यात आमच्या एंजलच्या जोडीने फिल्टरच्या नळीवर अंडी घातली. घरात बारशाची गडबड उडाली. कन्येने शाळेतल्या दोन मैत्रिणींना बोलावून आणले. तिसऱ्या दिवशी सकाळी नळी स्वच्छ होती. आईबापांनी सगळी अंडी खाल्ली होती. कन्या त्या दिवशी नीट जेवली नाही. "असले कसले आईबाप!" एवढेच ती म्हणाली.

दुकानदाराने उपाय सांगितला. नवशिकी जोडी पहिली अंडी खातेच, तेव्हा अंडी दिसताच नळीसकट उचलून वेगळ्या बरणीत ठेवायची, बुरशी धरू नये म्हणून निळे औषध घालायचे आणि हवा सोडायची. पुढल्या खेपेस आम्ही तसे केले. अडीच दिवसांत पिल्ले फुटली, आठवड्याने पोहू लागली, आणि चाळीसएक जगली. यश म्हणावे तर यश होते. पण इकडे टाकीत ती जोडी दोन दिवस त्या नळीच्या जागेपाशी घुटमळत होती, ते मला दिसत होते. अंडी खाल्ली तेव्हा त्यांचा राग आला होता. आता माझाच आला. बाजारातले एंजल पिढ्यान्‌पिढ्या बरणीत वाढलेले. त्यांनी अंडी जपायची ती कुठे पाहून? पुढे ते एंजल आमच्या डोंबिवलीच्या मेव्हण्यांकडे गेले आणि तिथे सुखात आहेत.

प्राणिशास्त्राचे आमचे एक सहकारी हे सारे ऐकून म्हणाले, "सर, अॅमेझॉनचे मासे कशाला? सिक्लिड आपल्याकडचेही आहेत." मला हे ठाऊक नव्हते. भारतातले मूळचे सिक्लिड तीनच, सगळे पश्चिम किनारा आणि दक्षिणेकडचे. त्यांतला थोरला म्हणजे गोव्याकडचा काळुंदर. केरळात तोच करीमीन. 2010 साली त्या राज्याने त्याला आपला राज्यमासा ठरवले. ब्लोख या जर्मन वैद्याने 1790 साली त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यात सुरतेचे नाव आहे. आता आमच्या कॉलनीपासून जवळच काळुंद्रे गाव आहे. माझ्यासारख्याला व्युत्पत्तीचा मोह होणारच! पण नावे सारखी म्हणून नाते जोडू नये, हे मीच वर्गात सांगतो. असो. या कुळाची जवळची भावकी आफ्रिकेत नसून मादागास्करात आहे, हे ऐकून तर मी थक्क झालो.

काळुंदर टाकीत ठेवायला फार मोठा. त्याचा धाकटा भाऊ तीन इंचांचा, पिवळा, केशरी ठिपक्यांचा आणि कुशीवर एक काळा डाग असलेला. केरळात त्याला पल्लत्ती म्हणतात. संक्रांतीच्या सुमारास सहा पल्लत्ती आणले. सहा अशासाठी, की जोडी त्यांची त्यांनी जमवायची असते. आपण ठरवलेली लग्ने तिथे टिकत नाहीत. पाण्यात थोडे जाडे मीठ घातले, कारण हे खाडीच्या तोंडाशी राहणारे मासे, आणि एक फुटकी मातीची कुंडी आडवी ठेवली. एप्रिलअखेर एक जोडी त्या कुंडीची मालक झाली आणि बाकीच्या चौघांना कोपऱ्यात दाबू लागली. त्या चौघांना मी सहकाऱ्यांकडे परत पोचवले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडीच्या आतल्या बाजूस अंडी दिसली. आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येऊ लागले. एरवी आठवड्याला चाळीस लिटर पाणी बदलणारा मी मुकाट बसलो. घरात माणसांच्या आंघोळीची पंचाईत, तिथे माशांचे काय सांगावे? कन्या मात्र रोज विचारी, "बाबा, उचलायची का अंडी?" या खेपेस मी नाही म्हणालो. खाल्ली तर खाल्ली.

खाल्ली नाहीत. आईबाप आळीपाळीने कल्ल्यांजवळच्या परांनी अंड्यांना वारा घालत होते. एका रात्री वीज गेली आणि पंप बंद पडला. कन्या आणि मी दोन तास मगाने पाणी वरून ओतत बसलो, आणि पलीकडे कुंडीत त्यांचा वारा चालूच. पाचव्या दिवशी पिल्ले फुटली. वाळूत खड्डे करून आईबापांनी ती तोंडाने उचलून तिथे नेऊन ठेवली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खड्ड्यात. पुढच्या आठवड्यात ढगासारखी पिल्ले आईभोवती पोहू लागली आणि तिच्या अंगावर धडकू लागली. रोगच पडला असे समजून मी सहकाऱ्यांना फोन केला. ते हसले. ही पिल्ले आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खातात. वॉर्ड आणि बार्लो यांनी 1967 साली त्यावर निबंधच लिहिला आहे.

पण आता पाणी बदलणे भागच होते. त्या सकाळी बाल्कनीत गेलो तर झाकून ठेवलेल्या दोन बादल्या दिसल्या. "कालच भरून ठेवल्यात," सौ. म्हणाली, "त्यातला क्लोरीन की काय तो उडायला हवा ना?" कपडे दोन दिवस तुंबले होते. मी काही बोललो नाही. पुढे पाऊस पडेपर्यंत रोज दहा लिटर त्या बादल्यांतून टाकीत जात, आणि टाकीतले काढलेले पाणी तुळशीला आणि मिरचीच्या रोपांना. यंदा मिरच्या भरघोस आल्या.

शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ भाग्य उजळावे म्हणून कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न बाळगून आहेत. मलेशियात नव्वदच्या दशकात संकर करून निर्माण केलेला हा सिक्लिड टाकीत दुसऱ्या कोणाला जगू देत नाही. भाग्य उजळेना म्हणून ते त्याला खांदेश्वराच्या तळ्यात सोडणार होते. मी हातापाया पडून थांबवले. 1952 साली आपल्याकडे आणलेला तिलापिया, तोही सिक्लिडच, कुठल्या कुठल्या तळ्यांत पसरला हे ज्याला ठाऊक आहे त्याने तरी थांबवायलाच हवे. सध्या तो त्यांच्याकडेच आहे आणि आमच्या कन्येकडून खाणे खातो.

आमच्याकडे आज सत्तावीस पिल्ले आहेत, आणि आईबापांनी पुन्हा कुंडी झाडायला घेतली आहे. ओळखीच्यांनी फराळाला यावे आणि जाताना चारसहा न्यावीत. मात्र टाकी महिनाभर मुरलेली असली पाहिजे. तेवढे मी आधी विचारणार आहे.