गोणपाटावरची शाळा

मे महिना सरत आला की आमच्या खात्याचे गावोगाव एकच सांगणे असते : घरचे सोयाबीन पेरायचे असेल तर आधी त्याची उगवण तपासा. त्याच कामासाठी लातूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीत ओले गोणपाट पसरून बी मांडायला बसलो, तर घरातली पाच वर्षांची मुलगी शेजारी येऊन टेकली आणि तिने मूठभर दाणे उचलले. आजी ओरडली, "ठेव खाली! खेळणं हाय का ते?"

मी म्हटले, "असू द्या आजी, मला एक गडी हवाच होता."

तिच्या आईची तक्रार निराळीच. "सायेब, शंभरापर्यंत घडाघडा म्हणती, अन् चार वाट्या आण म्हटलं तर सहा आणती."

भगिनींनो, ही तक्रार घरोघरची आहे. आकडे पाठ म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. एक दाणा, एक बोट, एक आकडा अशी सांगड बसली म्हणजे मूल मोजू लागले. नुसते पाटीवर गिरवून ती बसत नाही. वस्तू हाताने उचलावी लागते, ठेवावी लागते, चुकावेही लागते.

आम्ही कामाला लागलो. एक ओळ तिची, एक माझी. ओळीत दहा दाणे, अशा दहा ओळी. ओळ पुरी झाली की तिने कडेला एक खडा ठेवायचा. दहा खडे झाले आणि मी गोणपाट गुंडाळणार, तोच ती म्हणाली, "काका, ही ओळ लांब झाली." मोजले तर अकरा! ओळ माझी होती. आजी तोंडाला पदर लावून हसल्या. मी मुकाट्याने एक दाणा काढला. मुलीने मोजले नव्हते, नुसत्या नजरेने ताडले होते. लांब-आखूड ओळखणे हेही गणितच आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले व पुढे ते कोसबाडला नेले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने हीच साधने केली. आपल्या घरात तर याची रास पडलेली असते. सुपात तूर, हरभरा आणि मूग मिसळून द्यावेत व निवडायला सांगावे. थोडे जमले की डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने. शेरात किती मापटी बसतात ते ज्वारी भरून पाहू द्यावे. सांडेल, पण झाडून घेता येते.

मात्र एका बाबतीत मी कडक आहे. औषध चोळलेले, रंगीत बियाणे मुलाच्या हाती कदापि देऊ नये. कीडनाशकाची रिकामी बाटली धुतली तरी ती खेळणे होत नाही. एरंडी, गुंज, धोत्रा यांच्या बिया विषारी आहेत. तीन वर्षांखालच्या मुलाला बारीक दाणे नकोत, ते नाकात किंवा घशात जातात. त्याला वाट्या, करवंट्या, मक्याची बुरकुंडे द्यावीत. नाकात दाणा गेलाच तर काडी-पिन घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

गुंडाळी सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायला सांगितले होते. ते काम मुलीने अंगावर घेतले. आठव्या दिवशी उघडली. वडील उभ्या-उभ्या म्हणाले, "सत्तर तरी हाईत." मुलगी खाली बसली. चांगले कोंब आलेले दाणे एका बाजूला घेऊन तिने पुन्हा दहा-दहाच्या ओळी लावल्या. सहा खडे आणि वर चार दाणे. चौसष्ट!

७० किंवा जास्त उगवण असेल तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. ६४ म्हणजे साधारण ३३ किलो घ्यावे लागणार. त्यांची पेरणी चार एकर, म्हणजे बारा किलो जादा. ते न घेता पेरले असते तर पीक विरळ झाले असते.

"हे का नाही उगवलं?" तिने एक दाणा पुढे केला. सोयाबीनची साल पातळ असते, मळणीत मार बसला की आतला कोंब मरतो, असे मी सांगितले. तिने तो दाणा फोडून पाहिला.

वडील तिच्याजवळ उकिडवे बसले. "सत्तराला किती कमी पडले गं?" तिने पुन्हा खडे ओढले. मी गाडीला किक मारली तेव्हा दोघांचे मोजणे चालूच होते.