पळण्याआधी थांबण्याची तयारी

मोटारीचे वय आणि मोटारशर्यतीचे वय यांत फारसे अंतर नाही. कार्ल बेन्झ यांच्या मोटारीला १८८६ साली पेटंट मिळाले आणि १८९४ साली पॅरिस ते रुआन या मार्गावर मोटारींची पहिली मोठी चढाओढ झालीसुद्धा! वेगाची हौस माणसाच्या अंगात मुळातच आहे. नुसत्या उपदेशाने ती जाईल असे मला वाटत नाही. प्रश्न एवढाच, की ती कोठे भागवायची आणि कशी?

'कोठे' याचे उत्तर सोपे आहे. सार्वजनिक रस्त्यावर नक्कीच नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने ते निषिद्ध ठरविले आहे. त्यासाठी खास बांधलेले बंदिस्त मार्ग असतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोइम्बतूरजवळ आणि दिल्लीजवळ ग्रेटर नॉयडा येथे असे मार्ग आहेत. यांपैकी ग्रेटर नॉयडाचा ५.१२५ किलोमीटर लांबीचा मार्ग २०११ साली सुरू झाला. अशा मार्गावर सामान्य माणसाने स्वतःची मोटार नेऊन ती मनसोक्त चालवून पाहण्याचा जो दिवस, त्याला 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक नसतात, बक्षिसे नसतात. पुढे जायचे ते ठरवून दिलेल्या जागी, पुढच्याने खूण केल्यावरच.

आता 'कशी' हा प्रश्न राहिला, आणि मतभेद आहे तो येथेच. हौशी माणूस तयारीला लागला की प्रथम इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या मागे लागतो. मग आवाज करणारा सायलेन्सर येतो, रंगीत पट्टे येतात. ब्रेक आणि टायर यांची आठवण सर्वांत शेवटी होते. माझे स्पष्ट मत असे आहे, की हा क्रम नेमका उलटा हवा. आधी गाडी थांबण्याची तयारी, मग शरीर वाचविण्याची आणि उरल्यास इंजिनाची. दुसरे असे, की सुरक्षेची साधने ही सुटी सुटी विकत घेण्याची वस्तू नाही. ती एक साखळी आहे, आणि अर्धी साखळी कधी कधी मुळीच नसण्यापेक्षा घातक ठरते. ही दोन्ही मते शाळेच्या पुस्तकातील पदार्थविज्ञानाच्या आधारे तपासून पाहता येतात.

ब्रेकवरचे ओझे

समजा, चालकासह १२०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक मोटार सरळ पट्ट्यावर ताशी १६२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४५ मीटर वेगाने येत आहे. पुढे वळण आहे. तेथे वेग सेकंदाला १५ मीटरपर्यंत खाली आणायचा आहे. गतिज ऊर्जेच्या सूत्रात या किमती घाला. कमी करावयाची ऊर्जा येते १० लाख ८० हजार ज्यूल. २५ अंश सेल्सियसचे सुमारे साडेतीन लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्यास एवढी उष्णता पुरते.

ही सारी ऊर्जा सुमारे ४ सेकंदांत काढून टाकावी लागते. म्हणजे शक्ती झाली २७० किलोवॅट, सुमारे ३६० अश्वशक्ती! गाडीचे इंजिन १०० अश्वशक्तीचे असेल, तर तेवढ्या वेळात ब्रेक इंजिनाच्या साडेतीनपट जोर लावतात. यातील थोडा वाटा हवेचा विरोध उचलतो हे खरे, पण बहुतेक भार ब्रेकवरच पडतो. शिवाय अर्ध्या मिनिटात पुढचे वळण येते आणि तापलेल्या तबकड्या पुन्हा तापतात. शहरात याच गाडीचे ब्रेक एका दिवसात जितके तापत नाहीत तितके ते येथे दोन फेऱ्यांत तापतात.

आता खरा धोका पाहू. पायाचा दाब चाकापर्यंत पोचविणारा द्रव, ज्याला आपल्याकडे सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, तो हवेतील ओलावा शोषून घेतो. 'डॉट ४' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी प्रमाणात बसतो. तापलेल्या ब्रेकपाशी हा जुना द्रव उकळू लागतो व त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पायाखालचे पेडल एकदम खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. ट्रॅकवर जाण्यापूर्वी सीलबंद डब्यातील नवा द्रव भरून घेणे आणि ब्रेक पॅडची जाडी पाहणे याला काही फार खर्च येत नाही. सायलेन्सरच्या किमतीत हे अनेकदा होईल! शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावावा, हेही याच हिशोबात बसते.

टायरमधली हवा

गाडीचा जमिनीशी संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांतून. ब्रेक कितीही चांगले असले तरी घर्षण मिळायचे ते येथेच. पेट्रोल पंपावर आपण ३३ पौंड हवा भरली असे म्हणतो, तेव्हा तो दाब वातावरणाच्या दाबाखेरीजचा असतो. वातावरणाचे सुमारे १५ पौंड धरले की खरा दाब ४८ पौंड होतो. समजा, हवा भरताना तापमान ३० अंश होते आणि ट्रॅकवर टायरमधील हवा ८० अंशांपर्यंत तापली. केल्विनमध्ये ही तापमाने ३०३ आणि ३५३. आकारमान कायम धरले तर दाब ४८ वरून ५६ पौंडांवर जाईल आणि मापक दाखवील ४१.

इतक्या हवेने टायर मध्यभागी फुगतो, कडा उचलल्या जातात आणि पकड कमी होते. म्हणून जाणकार मंडळी फेऱ्या मारून आल्यावर लगेच दाब मोजून जास्तीची हवा सोडतात. परंतु गरम असताना ३३ वर आणलेला तोच टायर थंड झाल्यावर मापक २६ पौंडच दाखवील! अशा कमी हवेवर महामार्गाने घरी निघाले, तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात व टायर फुटू शकतो. म्हणजे जाताना घ्यायची काळजी जेवढी, तेवढीच परतताना. हवा पुन्हा भरल्याशिवाय ट्रॅकचे आवार सोडू नये.

साखळीची कडी

आता शरीराकडे वळू. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी अग्निबाणाच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून घेतले. ताशी एक हजार किलोमीटरहून अधिक वेगावरून ही गाडी १.४ सेकंदांत थांबली. त्यांच्या शरीरावर गुरुत्वत्वरणाच्या ४६ पटींपर्यंत ऋण त्वरण आले, तरीही ते वाचले. कारण शरीर नीट बांधलेले होते. गाडी थांबली तरी शरीर जडत्वामुळे पुढे जात राहते. त्याला गाडीबरोबरच थांबविणे हे पट्ट्याचे काम.

यावरून कोणी म्हणेल, की मग गाडीतला नेहमीचा तीन बिंदूंचा पट्टा काढून शर्यतीचा घट्ट पट्टा लावावा. विचार चांगला, पण अपुरा. शर्यतीचा पट्टा खांदे घट्ट धरतो. डोके मात्र मोकळेच राहते. डोके व शिरस्त्राण मिळून ६ किलोग्रॅम धरा. ५० पट त्वरणाला मानेवर सुमारे २९४० न्यूटन, म्हणजे ३०० किलोग्रॅम वजनाएवढा ताण येतो. कवटीचा तळ तडकून चालक दगावतात ते अशाच वेळी. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथे डेल अर्नहार्ट हे नामवंत शर्यतपटू अशाच इजेने गेले. डोके खांद्यांशी बांधून ठेवणारे 'हॅन्स' नावाचे साधन रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकातच तयार केले होते. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचे झाले.

पुढची कडी पाहा. चार बिंदूंच्या पट्ट्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल, तर कमरेचा पट्टा वर सरकून पोटात रुततो. शिवाय असा पट्टा माणसाला ताठ बसवून ठेवतो. गाडी उलटून छप्पर दबले तर त्याला वाकायलाही जागा नाही. म्हणून पोलादी पिंजरा हवा. पिंजरा बसविला की त्याच्या नळ्या डोक्याजवळ येतात. म्हणून त्यावर गादी हवी आणि डोक्यावर शिरस्त्राण हवेच. एक कडी घेतली की पुढची घ्यावी लागते. ज्याला सारी साखळी घेणे शक्य नाही, त्याने कारखान्यातून आलेला पट्टा, एअरबॅग व आसन तसेच ठेवावे. त्यांचाही एक पूर्ण मेळ अभियंत्यांनी जमविलेला असतो.

शिरस्त्राणाबाबत मात्र तडजोड नको. त्यातील थर्मोकोलसारखा थर दबतो आणि डोक्याला थांबायला अंतर देतो. सेकंदाला ६ मीटर वेगाचे डोके ३ सेंटिमीटरात थांबले तर त्वरण गुरुत्वाच्या सुमारे ६१ पट. ३ मिलिमीटरात थांबले तर ६१० पट! एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून आपटलेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे. मोटारशर्यतीसाठीच्या 'स्नेल एस.ए.' प्रमाणात आगीची चाचणीही असते. दुचाकीच्या शिरस्त्राणाला ती नसते. कपडे सुती व पूर्ण बाह्यांचे असावेत, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटते.

मग जावे की नाही?

"एवढे सोपस्कार असतील तर साध्या माणसाने तिकडे फिरकूच नये का?" असे कोणी विचारील. माझे उत्तर आहे, जरूर जावे. पहिल्या खेपेला साधी, धडधाकट गाडी पुरते. नवा ब्रेक द्रव, भरपूर जाडीचे पॅड, चांगले टायर, योग्य ताणाने आवळलेले चाकांचे नट, पक्की बसविलेली बॅटरी, योग्य शिरस्त्राण आणि रिकामी केलेली गाडी एवढेच हवे. रिकामी अशासाठी, की आसनाखाली राहिलेली पाण्याची बाटली घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते, तेही आधी वाचून घ्यावे. आणि यातील एक गोष्ट जरी कमी असली, तरी दूरवरून आलो आहोत, पैसे भरले आहेत, म्हणून उतरू नये. प्रेक्षकांत बसून परत यावे. हे जमणे हाही तयारीचाच भाग आहे.

विद्यार्थी मित्रांनो, परवाना मिळायला तुम्हांला अजून काही वर्षे आहेत. पण घरातला मोठा भाऊ किंवा शेजारचा दादा गाडी 'तयार' करीत असेल, तर त्याला एवढेच विचारा: "ब्रेकचा द्रव शेवटी कधी बदलला?" आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, की गतिज ऊर्जा शिकविताना वेगाचा वर्ग येतो तेथे थोडे थांबावे. वेग दुप्पट झाला की थांबविण्याचे काम चौपट होते. परीक्षेत या वाक्याला एखादा गुण मिळत असेल. रस्त्यावर त्याची किंमत फार मोठी आहे.