चाकाचे देणे

दर दिवाळीला संपादकांचे पत्र येते, “या खेपेला काहीतरी प्रसन्न लिहा.” दर दिवाळीला आम्ही होकार कळवतो, आणि लिहायला बसल्यावर लेखणी भलत्याच वाटेला लागते. यंदा ती सायकलीवर बसून थेट फ्रान्समध्ये गेली आहे. वाचकहो, चकलीचा तुकडा मोडा, चहाचा पेला जवळ ओढा आणि मागे कॅरिअरवर बसा. वाटेत घाट लागतील, पण पॅडल मारायचे काम आमचे!

झाले असे, की जुलै महिन्यात तीन आठवडे आमच्या घरी संध्याकाळी टेलिव्हिजनवर फ्रान्समधली सायकलशर्यत लागते. अण्णांच्या नातवाला तिचे वेड. अण्णा म्हणजे आमचे थोरले बंधू, वय ऐंशीच्या पुढे. बाहेर पावसाची झड, आत कांदाभज्यांचा वास, आणि पडद्यावर दीडशेहून अधिक माणसे घोळक्याने चाललेली. वहिनींनी पहिल्याच दिवशी शंका काढली, “पुढे तो निळ्या सदऱ्यातला मुलगा धापा टाकत जीव काढतो आहे आणि पिवळा सदरावाला मागे आरामात बसलाय. मग पहिला म्हणायचा कोण?”

“पिवळा, आजी.”

“हा कुठला न्याय?”

वहिनींची शंका रास्त होती. तिचे उत्तर ज्याला समजले, त्याला ही शर्यत समजली.

‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. आज तिचे २१ टप्पे असतात, एकूण अंतर साधारण ३,३०० किलोमीटरच्या आसपास. रोजचा टप्पा जिंकणारा वेगळा. पण सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो खरा विजेता. त्या बेरजेत जो पुढे असेल त्याने पिवळा सदरा घालायचा, हा रिवाज १९१९ पासूनचा. म्हणजे ही धावण्याची शर्यत कमी आणि जमाखर्चाची वही जास्त. चार सेकंद इथे वाचवा, दहा सेकंद तिथे गमावू नका, आणि शेवटच्या पानावर शिल्लक दाखवा.

आता दुसरी गोष्ट, वाऱ्याची. सायकल सपाटीवर ताशी ४० किलोमीटरच्या वर धावू लागली, की स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकाला चाक लावून जो मागे राहतो, त्याचे पाव ते तृतीयांश श्रम वाचतात. वारा आडवा आला की स्वार रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग धरतात. ज्याला त्या रांगेत जागा मिळाली नाही तो कडेला वारा खात बसतो, आणि बघता बघता मिनिटांनी मागे पडतो. म्हणून एकटा माणूस कितीही बलदंड असला तरी ही शर्यत एकट्याने जिंकत नाही. २०१८ पासून प्रत्येक संघात आठ स्वार असतात. त्यांतला एक कप्तान. बाकीचे बहुतेक त्याच्यासाठी वारा खायला. तेच मागे मोटारीकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतात, तेच पळालेल्या प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करतात, आणि कप्तानाचे चाक फुटले तर आपले काढून देतात. फक्त उभा घाट लागला म्हणजे वेग उतरतो, आडोशाचा फायदा घटतो, आणि ज्याचे त्याला पाहावे लागते. इतके दिवस आठ जणांनी सांभाळून ठेवलेली ताकद कप्तानाने तिथे खर्चायची.

या मदतनिसांना फ्रेंच भाषेत ‘दोमेस्तिक’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ ‘घरगडी’. १९११ साली शर्यतीचे संचालक आंरी देग्रांज यांनी मॉरिस ब्रोको नावाच्या स्वाराला हिणवण्यासाठी तो वापरला. आपली संधी सोडून दुसऱ्याला मदत विकतो, हा त्याचा अपराध! पुढे तो शब्दच हुद्दा झाला.

हे सगळे नातू समजावून सांगत होता. अण्णा ऐकत होते की पेंगत होते, कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात आम्ही मध्येच पांडित्य केले आणि १९३४ सालची गोष्ट सांगितली.

त्या काळी शर्यतीत देशादेशांचे संघ उतरत. फ्रान्सचा कप्तान होता आंतोनँ मान्ये. पिवळा सदरा त्याच्या अंगावर, आणि मागे लागलेला इटलीचा मार्तानो. याच फ्रेंच संघात रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. कान शहराजवळचा, पूर्वी हॉटेलातल्या लिफ्टवर काम केलेला. पहिल्यांदाच या शर्यतीत आलेला, आणि आल्ट्या आल्प्स पर्वतात भल्याभल्यांना मागे टाकून टप्पे जिंकू लागला. लोक त्याच्यावर फिदा झाले.

मग पिरेनीज पर्वत आला. प्युइमोराँच्या घाटाच्या उतारावर मान्ये पडला आणि त्याचे चाक मोडले. व्हिएतो जवळच होता. त्याने आपले पुढचे चाक काढले आणि कप्तानाला दिले. मान्ये निघून गेला. चाक नसलेली सायकल शेजारी टेकवून पोरगा रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर बसला आणि मदतीच्या मोटारीची वाट पाहत रडू लागला. एकामागून एक स्वार समोरून जात होते. तिथे असलेल्या छायाचित्रकाराने ते टिपले, आणि साऱ्या फ्रान्सने ते चित्र पाहिले.

गोष्ट इथे संपली असती तर एखाद्या क्षणाचा औदार्याचा झटका म्हणून सोडून दिली असती. पण दुसऱ्या दिवशी पोर्ते-दास्पेच्या घाटावर मान्येची सायकल पुन्हा बिघडली. या वेळी व्हिएतो पुढे होता. मागे कप्तान अडकल्याचे कळताच तो वळला, उतरलेला रस्ता उलटा चढून परत गेला आणि पुन्हा आपल्या वेळेवर पाणी सोडले. मान्येने ती शर्यत जिंकली. व्हिएतोला घाटांचा राजा म्हणून मान मिळाला, पण एकूण हिशेबात नंबर पाचवा.

अण्णांनी डोळे उघडले. म्हणजे पेंगत नव्हते.

“त्या पोराला चाक परत मिळालं का रे?”

“म्हणजे?”

“पुढे कधी? त्याच्यासाठी कोणी थांबलं का?”

आम्हांला चटकन उत्तर देता येईना. कारण हिशेब सांगायचा तर असा: १९३९ साली व्हिएतोने पिवळा सदरा बरेच दिवस सांभाळला आणि आल्प्समध्ये गमावला, दुसरा आला. मग युद्ध झाले, शर्यत बंद पडली. १९४७ साली तेहतिसाव्या वर्षी तो पुन्हा उतरला, पुन्हा पिवळा सदरा मिळवला. शेवट जवळ आला असताना १३९ किलोमीटरचा, प्रत्येकाने एकट्याने धावायचा टप्पा होता. तिथे ना कोणाच्या मागे लपता येते, ना कोणी चाक देऊ शकतो. त्यात सदरा गेला. नंबर पुन्हा पाचवा. ही शर्यत तो कधीच जिंकला नाही.

“वाटलंच,” अण्णा म्हणाले, आणि भज्यांकडे वळले.

परंतु प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. दिलेले चाक परत मिळते का? या शर्यतीच्या इतिहासात एकदा हे देणे उघड बोलून ठरवले गेले होते. तो प्रसंग १९८५ सालचा. फ्रान्सचा बर्नार इनो पाचव्यांदा जिंकण्याच्या बेतात होता. पण मध्येच पडून त्याचे नाक मोडले. पिरेनीजमध्ये तो मागे पडू लागला तेव्हा त्याच्याच संघातला अमेरिकेचा ग्रेग लेमॉण्ड पुढच्या तुकडीत होता. संघाच्या मोटारीतून त्याला हुकूम आला, जोर लावू नकोस. इनो अगदी मागेच आहे असे सांगून आपल्याला रोखले, प्रत्यक्षात तो बराच मागे होता, असे लेमॉण्डचे म्हणणे. इनो १ मिनिट ४२ सेकंदांनी जिंकला, लेमॉण्ड दुसरा. इनोने तेव्हा शब्द दिला, की पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी राबेन.

पुढचे वर्ष उजाडले आणि पिरेनीजच्या पहिल्याच टप्प्यात इनो दुसऱ्या संघाच्या एका स्वाराबरोबर पळाला! लेमॉण्डने आपल्याच सोबत्याचा पाठलाग करायचा कसा? तो हात बांधून मागे राहिला आणि संध्याकाळी हिशेबात इनोपेक्षा ५ मिनिटे २५ सेकंदांनी मागे पडला. दुसऱ्या दिवशी इनो पुन्हा पळाला. पण अति झाले आणि त्याचे पाय गळाले. लेमॉण्डने तो टप्पा जिंकून अंतर ४० सेकंदांवर आणले. एकाच संघात दोन तट पडले, जेवणाचे टेबल एक आणि बोलणे नाही. एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांना अधिक सांगायला नको.

आल्प्समध्ये ग्रानों नावाचा घाट आहे, माथा २,४१३ मीटर उंच. तिथे इनो मागे पडला. स्वित्झर्लंडचा त्सिमरमान पुढे निघाला आणि लेमॉण्डने त्याचे चाक धरले. स्वतः वाऱ्याला तोंड दिले नाही, म्हणजे सोबत्याशी दगा केल्याचा ठपकाही नाही, आणि माथ्यावर पिवळा सदरा मात्र हाती! असे डाव या खेळात असतात. दुसऱ्या दिवशी दोघे आल्प द्युएझच्या माथ्यावर एकमेकांना धरून हसत पोचले. सगळ्यांना वाटले, तंटा मिटला. तोच इनोने जाहीर केले, शर्यत अजून संपलेली नाही! अखेर लेमॉण्ड ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला. मी हल्ले करून त्याचे प्रतिस्पर्धी थकवले, म्हणजे मदतच केली, असा इनोचा दावा. देणे फिटले की बुडाले, यावर आजही वाद घालता येतो.

गंमत अशी, की ग्रानोंच्या माथ्यावर शर्यतीचा टप्पा पुन्हा संपला तो थेट २०२२ साली, आणि तिथे पुन्हा पिवळ्या सदऱ्याने खांदा बदलला. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार आधीची दोन वर्षे जिंकलेला. त्याच्याशी समोरासमोर कोणी टिकेना. डेन्मार्कचा योनास व्हिंगेगार्ड, एकेकाळी मासळीच्या कारखान्यात काम केलेला शांत मुलगा, त्याला हरवू पाहत होता. त्याच्या संघात प्रिमोझ रोग्लिचही होता. हाही स्लोव्हेनियाचा. २०२० साली शेवटून दुसऱ्या दिवशी याच पोगाचारने त्याच्या हातचा विजय हिसकावला होता. या वर्षी पडून त्याचा खांदा निखळला होता. स्वतः जिंकण्याची आशा जवळपास मावळलेली.

त्या दिवशी ग्रानोंच्या बऱ्याच अलीकडे, आधीच्या घाटांतच संघाने डाव टाकला. रोग्लिच पळाला, पोगाचारने गाठले. लगेच व्हिंगेगार्ड पळाला, पोगाचारने गाठले. पुन्हा रोग्लिच, पुन्हा व्हिंगेगार्ड. सोबती कमी पडलेला पोगाचार प्रत्येकाला एकटा उत्तर देत राहिला. उत्तर देण्याचा त्याला अभिमान होता, आणि नेमका त्या अभिमानावरच सापळा रचला होता. रोग्लिच संपला आणि मागे पडला. पण ग्रानोंवर शेवटचे पाचेक किलोमीटर उरले असताना व्हिंगेगार्ड निघाला, तेव्हा पोगाचारच्या पायांत उत्तर उरले नव्हते. तो २ मिनिटे ५१ सेकंदांनी मागे आला. शर्यत तिथेच फिरली. रोग्लिचने काही दिवसांनी दुखापतीमुळे शर्यत सोडली. पॅरिसच्या मंचावर तो नव्हता.

याच शर्यतीत पुढे एका उतारावर पोगाचार पडला. व्हिंगेगार्ड थांबला. पोगाचारने त्याला गाठले आणि हात पुढे केला. हस्तांदोलन झाले, आणि त्यानंतरच्या घाटावर व्हिंगेगार्डने त्याला पुन्हा मागे टाकले. वैर असावे तर असे! पोगाचार पुढे २०२४ आणि २०२५ साली पुन्हा जिंकलाच.

विजेत्याने बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटून टाकायची, अशी या शर्यतीतली जुनी रीत आहे. व्यवहाराने देणे फिटते ते एवढेच.

आता खरे सांगतो. अण्णांच्या प्रश्नाला आम्ही अडखळलो त्याला कारण वेगळे होते. आमच्या घरी एकच सायकल होती, काळी, डायनामो लावलेली. ती अण्णांची, पहिल्या पगारातून हप्त्यांनी घेतलेली. आम्ही कॉलेजात गेलो त्या जूनमध्ये अण्णांनी किल्ली आमच्या हातात ठेवली आणि म्हणाले, “मला चालायला आवडतं.” पुढची चार वर्षे ते पुण्याच्या पावसात छत्री धरून कचेरीत चालत गेले. रात्रीच्या वर्गाला नाव घालण्याचा त्यांचा विचार होता, तो कचेरी सुटल्यावर चालत वेळेवर पोचता येईना म्हणून राहून गेला. हे आम्हांला वहिनींकडून फार वर्षांनी कळले. आम्ही पदवीधर झालो, लेखक झालो, दिवाळी अंकांत छापून येऊ लागलो. सायकल कधी परत केली, ते आठवत नाही. बहुधा केलीच नाही.

शर्यत संपली त्या रविवारी आम्ही अण्णांना पुन्हा छेडले. “अण्णा, त्या व्हिएतोला चाक परत नाही मिळालं. वाईट वाटतं.”

अण्णांनी चष्मा पुसला. “भिंतीवर बसून रडला म्हणालास ना?”

“हो.”

“मग ठीक आहे. हसत दिलं असतं तर मला खोटं वाटलं असतं.”

आणि त्यांनी नातवाला टेलिव्हिजन बंद करायला सांगितला. ते त्या जूनमध्ये कुठे बसले होते, हे विचारायचे आमच्या ओठांवर आले होते. विचारले नाही. भाऊबीज बहिणींची, भावांसाठी पंचांगात असा दिवस नाही. म्हणून हे चार शब्द इथे लिहून ठेवले आहेत. अण्णा दिवाळी अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.